टोरंटोचे डॉक्टर मरे आणि सेलोफेनची किडनी

टोरंटोत चार वर्षं काढलेल्या मराठी माणसाला युनिव्हर्सिटी अव्हेन्यू ठाऊक नाही, असं सहसा होत नाही. क्वीन्स पार्क स्टेशनातून वर आलं की दोन्ही हातांना हॉस्पिटलंच हॉस्पिटलं. सिक किड्स, माउंट सायनाय, प्रिन्सेस मार्गारेट, टोरंटो जनरल. आपल्यातल्या कुणाचं बाळंतपण, कुणाची बायपास, कुणाच्या सुपर व्हिसावर आलेल्या आईची मध्यरात्रीची इमर्जन्सी, सगळं याच रस्त्यावर. इथल्या डॉक्टरांमध्ये बॅन्टिंग आणि बेस्ट ही नावं आपल्या मुलांनाही पाठ असतात. इन्सुलिनची गोष्ट त्यांना शाळेतच शिकवतात. पण याच टोरंटो जनरलमध्ये डिसेंबर १९४६ मध्ये उत्तर अमेरिकेतलं पहिलं यशस्वी डायलिसिस झालं, आणि ज्या सर्जनने ते केलं त्याचं नाव विचारलं तर भलेभले गप्प होतात.

त्यांचं नाव डॉ. गॉर्डन मरे. मराठी कानाला डॉक्टरचं हे आडनाव जरा अशुभ वाटेल खरं, पण त्याला इलाज नाही. आणखी एक घोटाळा आधीच निस्तरून ठेवतो. १९५४ साली बोस्टनमध्ये जुळ्या भावांवर किडनीचं पहिलं यशस्वी ट्रान्सप्लांट करणारे आणि १९९० साली नोबेल मिळवणारे ते डॉ. जोसेफ मरे. ते वेगळे. आपले मरे टोरंटोचे.

१८९४ साली ऑन्टॅरिओतल्या स्ट्रॅटफर्डच्या परिसरात एका शेतकरी घरात त्यांचा जन्म झाला. आपण शेक्सपिअरची नाटकं बघायला जातो तेच स्ट्रॅटफर्ड, पण तेव्हा तिथं नाटकं नव्हती, शेतं होती. टोरंटो युनिव्हर्सिटीत मेडिकलला प्रवेश घेतला आणि मध्येच पहिलं महायुद्ध आलं. शिक्षण अर्धवट सोडून ते तोफखान्यात गेले, फ्रान्स-बेल्जियमच्या चिखलात राहिले, जिवंत परत आले आणि १९२१ साली डॉक्टर झाले. पुढे इंग्लंडमध्ये आणि न्यूयॉर्कमध्ये सर्जरी शिकून विसाच्या दशकाच्या अखेरीस टोरंटो जनरलमध्ये रुजू झाले. हात अतिशय सफाईदार, काम करण्याची ताकद अफाट, आणि स्वभाव एकलकोंडा. चार माणसांत बसून, समिती नेमून काम करणं त्यांना जमलं नाही. या स्वभावाने त्यांना पुढे बरंच काही दिलं आणि बरंच काही हिरावूनही घेतलं.

त्यांचं पहिलं मोठं काम हेपॅरिनवरचं. आज ऑपरेशनला गेलेल्या माणसाच्या घरच्यांनाही रक्त पातळ ठेवणारं औषध म्हणून हे नाव माहीत असतं. त्याचा शोध बाल्टिमोरला १९१६ मध्ये लागला होता, पण तेव्हाचं हेपॅरिन इतकं अशुद्ध होतं की माणसाला टोचायची सोय नव्हती. ते शुद्ध करण्याचं काम टोरंटोत झालं. इन्सुलिनवाले चार्ल्स बेस्ट आणि कॉनॉट लॅबोरेटरीजचे रसायनशास्त्रज्ञ यांनी गुरांच्या यकृतापासून आणि मग फुफ्फुसांपासून ते काढलं. कुजवलेल्या फुफ्फुसांच्या त्या कामाला केवढी दुर्गंधी सुटत असेल, याची कल्पनाच केलेली बरी. हे शुद्ध हेपॅरिन १९३०च्या दशकात प्रत्यक्ष माणसांवर वापरून दाखवणाऱ्यांत डॉ. मरे अगदी पुढे होते. रक्तवाहिनी शिवली की आत गुठळी व्हायची आणि सगळी मेहनत फुकट जायची. हेपॅरिन दिलं की शिवलेली वाहिनी उघडी राहायची. लंडनच्या रॉयल कॉलेजने १९३९ मध्ये त्यांना बोलावून याच विषयावर व्याख्यान द्यायला लावलं.

आता गुठळी न होता रक्त शरीराबाहेर नळीतून फिरवता येतं म्हटल्यावर एखाद्या हुशार माणसाच्या मनात पुढचा विचार येणारच. रक्त बाहेर काढलं, नळीतून फिरवलं आणि परत आत सोडलं, तर वाटेत ते धुऊन का घेऊ नये?

धुवायचं म्हणजे नेमकं काय, हे कळण्यासाठी किडनीकडे वळावं लागेल. आपल्याला वाटतं किडनी म्हणजे लघवी करणारं यंत्र. तसं ते नाही. प्रत्येकी मुठीएवढ्या आकाराच्या या दोन अवयवांकडे हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा जातो. प्रत्येक किडनीत साधारण दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. त्या मिळून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर पाणी रक्तातून गाळून बाहेर काढतात आणि त्यातलं जवळपास सगळं परत आत घेतात. बाहेर जातं ते जेमतेम दीड-दोन लिटर. खरी करामत या परत घेण्यात आहे. आपल्या घरची बाई दिवाळीच्या साफसफाईत कपाटातलं सगळं सामान आधी बाहेर काढते, मग हवं ते एकेक करून परत लावते आणि उरलेलं टाकून देते, अगदी तसं. साखर आत, मीठ हवं तेवढं आत, पाणी हवं तेवढं आत, युरिया आणि क्रिएटिनिन बाहेर. शिवाय ब्लडप्रेशर ताब्यात ठेवणं, रक्तपेशी तयार करायचा निरोप हाडांच्या मगजाला धाडणं, व्हिटॅमिन डी कामाला लावणं, हे उद्योग वेगळेच. म्हणून किडनीच्या पेशंटला ॲनिमिया होतो आणि त्याची हाडं दुखतात.

हे सगळं बंद पडलं की माणूस स्वतःच्याच कचऱ्यात बुडायला लागतो. मळमळ, सूज, गुंगी, शेवटी बेशुद्धी. त्यातही घातक पोटॅशियम. ते वाढलं की हृदय अचानक थांबू शकतं. आजाऱ्याला शहाळ्याचं पाणी देणं हा आपला पिढीजात उपचार, पण किडनी गेलेल्या माणसाला तेच शहाळं धोक्याचं, कारण ते पोटॅशियमने भरलेलं असतं.

मात्र किडनी बंद पडण्याचे दोन प्रकार आहेत, आणि डॉ. मरेंची गोष्ट समजायची तर त्यातला फरक लक्षात घ्यायलाच हवा. एक प्रकार अचानकचा. मोठा रक्तस्राव, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग, बाळंतपणातली गुंतागुंत, सापाचं विष, मलेरिया, पावसाळ्यात मुंबईत थैमान घालणारा लेप्टोस्पायरोसिस, उलट्या-जुलाबांनी आटलेलं शरीर. यात किडनीच्या पेशींना जबर मार बसतो, पण पुष्कळदा त्या दोन-तीन आठवड्यांत पुन्हा उगवतात. तेवढे दिवस माणूस तगला पाहिजे. दुसरा प्रकार सावकाशीचा. वर्षानुवर्षं गाळण्या एकेक करून वठत जातात, आणि वठलेली गाळणी पुन्हा हिरवी होत नाही.

रक्त बाहेर काढून धुण्याची कल्पना मरेंच्या आधीची आहे. बाल्टिमोरला १९१३ मध्ये कुत्र्यांवर असे प्रयोग झाले होते, पण तेव्हा गुठळी होऊ नये म्हणून जळवांचा अर्क वापरावा लागे. हॉलंडमध्ये नाझींच्या ताब्यातल्या कांपेन गावात डॉ. विलेम कोल्फ यांनी १९४३ मध्ये फिरत्या लाकडी पिंपाला सेलोफेनची नळी गुंडाळून माणसांवर डायलिसिस सुरू केलं. १९४५ साली त्यांचा पहिला पेशंट वाचला. युद्धामुळे या बातम्या समुद्रापार पोहोचत नव्हत्या. मरेंनी टोरंटोत आपलं यंत्र स्वतंत्रपणे उभं केलं. सोबत एडमंड डेलोर्म नावाचा तरुण सर्जन आणि न्यूवेल थॉमस नावाचा रसायनशास्त्राचा विद्यार्थी. एवढीच टीम.

यंत्र ऐकायला अगदी साधं. सॉसेजचं आवरण करतात तसल्या सेलोफेनची लांबच लांब नळी एका उभ्या जाळीदार सिलिंडरभोवती गुंडाळायची आणि ते सगळं मीठ-साखरेच्या ठरावीक प्रमाणातल्या कोमट पाण्यात बुडवून ठेवायचं. पेशंटच्या शिरेतून रक्त पंपाने या नळीत आणायचं. सेलोफेनला डोळ्यांना न दिसणारी भोकं असतात. युरियासारखे छोटे रेणू त्यांतून पाण्यात उतरतात, रक्तपेशी आणि प्रथिनं मोठी म्हणून आतच राहतात. पाण्यात मीठ रक्ताइतकंच ठेवलं की ते बाहेर जात नाही. हेपॅरिनमुळे नळीत गुठळी होत नाही. आधी कुत्र्यांवर बरेच प्रयोग झाले.

डिसेंबर १९४६ मध्ये सव्वीस वर्षांची एक बाई टोरंटो जनरलमध्ये बेशुद्ध पडून होती. गर्भपातानंतर गुंतागुंत झाली होती आणि लघवी बंद झाली होती. त्या काळी अशा बायकांचा शेवट ठरलेला असे. मरेंनी तिला यंत्राला जोडलं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. ती शुद्धीवर आली, काही दिवसांनी तिच्या किडन्यांनी आपण होऊन काम सुरू केलं आणि ती बरी होऊन घरी गेली.

त्यांनी १९४७ मध्ये याचं सविस्तर वर्णन छापलं. आता इथं एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. यंत्राने त्या बाईच्या किडनीला बरं केलं नव्हतं. किडनी आपली आपण बरी झाली, यंत्राने फक्त तोपर्यंतचे दिवस मिळवून दिले. नेमक्या याच मुद्द्यावर तेव्हाचे फिजिशियन अडले. त्यांचं म्हणणं असं की पाणी मोजून दिलं, प्रथिनं बंद ठेवली आणि वाट पाहिली तरी अशी किडनी पुष्कळदा सुधारते, मग एवढा खटाटोप आणि रक्त बाहेर काढण्याचा धोका कशासाठी? हा विरोध निव्वळ मत्सरापोटी होता असं मला वाटत नाही. त्यात तथ्य होतं, कारण पेशंट औषधाने बरा झाला की आपसूक, हे एका केसवरून सांगता येत नाही. पण बेशुद्धीपर्यंत पोहोचलेल्या माणसाला वाट पाहायला वेळच नसतो, हेही तितकंच खरं. मरेंकडे पेशंट पाठवणारे डॉक्टर थोडे होते. मरेंनीही लोकांना समजावत, शिष्य तयार करत एखादा विभाग उभारला नाही. ते पुढच्या कल्पनेकडे वळले. तिकडे कोल्फ यांनी मात्र आपली यंत्रं देशोदेशी देऊन टाकली, त्यातलं एक आपल्या माँट्रिअलच्या रॉयल व्हिक्टोरियात आलं. ज्याने वाटलं त्याचं नाव राहिलं.

पुढची काही वर्षं मरेंची झपाटल्यासारखी गेली. हृदयातल्या दोषामुळे निळी पडणारी मुलं कॅनडाभरातून त्यांच्याकडे येऊ लागली आणि त्यांच्या ऑपरेशननंतर गुलाबी होऊन घरी जाऊ लागली. १९४९ पासून स्वतःच्या संशोधनासाठी त्यांना केव्हन फाउंडेशनची वेगळी प्रयोगशाळा मिळाली. तिथं ते एकटे राजे. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी मृत माणसाची किडनी काढून पेशंटला बसवण्याचे चार प्रयत्न केले. त्यातली एक बाई पुढे बरीच वर्षं जगली. नव्या किडनीने तिला जगवलं की तिच्या स्वतःच्याच किडन्या सावरल्या, याविषयी जाणकारांना आजही शंका आहे, कारण शरीराने परकी किडनी झिडकारू नये यासाठीची औषधं तेव्हा नव्हतीच. १९५५ साली त्यांनी मृत माणसाच्या हृदयाची झडप एका पेशंटच्या महारोहिणीत बसवून दाखवली. ते यश मात्र निर्विवाद आहे.

आणि मग घसरण. स्तनाच्या कॅन्सरच्या गाठीचा अर्क घोड्यांना टोचायचा आणि त्या घोड्यांच्या रक्तातला सीरम कॅन्सरच्या पेशंटना द्यायचा, असा उपचार त्यांनी सुरू केला. काही बायकांना बरं वाटलं, तेवढ्यावर त्यांचा विश्वास बसला. निम्म्या पेशंटना सीरम देऊन आणि निम्म्यांना न देऊन तुलना करायला ते तयार नव्हते. मरणाऱ्या बाईला औषध नाकारायचं कसं, अशी त्यांची भूमिका. सर्जन म्हणून ती माणुसकीची वाटते, पण त्यामुळे सीरमचा खरोखर उपयोग होतो की नाही, हे कधी कळलंच नाही. इतरांच्या हाती तसे परिणाम आले नाहीत. १९६७ साली त्यांना ऑर्डर ऑफ कॅनडाचा सर्वोच्च सन्मान मिळाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनी जाहीर केलं की पाय लुळे पडलेल्या माणसाचा मज्जारज्जू कापून, जोडून आपण त्याला चालतं केलं आहे. जगभरच्या वर्तमानपत्रांत बातमी झळकली. व्हीलचेअरवरच्या हजारो माणसांच्या आशा पालवल्या. दुसऱ्या डॉक्टरांनी तपशील मागितले तेव्हा मात्र दावा उभा राहीना. सत्तरी ओलांडलेल्या या माणसाची उरलीसुरली पत त्यात गेली. ज्याने एकट्याने काम करून किडनीचं यंत्र उभं केलं, त्याला एकटं असल्यामुळेच वेळेवर थांबवणारं कुणी भेटलं नाही.

डॉ. मरेंचं पहिलं यंत्र सावकाशीने गेलेल्या किडनीच्या कामाचं नव्हतं. प्रत्येक वेळी नवी रक्तवाहिनी उघडावी लागे, आणि शरीरात अशा जागा किती असणार? १९६० साली सिएटलला डॉ. स्क्रिब्नर यांनी हातात कायमची बसवता येणारी टेफ्लॉनची नळी काढली, तेव्हा आठवड्यातून तीनदा, वर्षानुवर्षं डायलिसिस करणं शक्य झालं. टोरंटोचंही त्यात पुढे मोलाचं काम आहे. टोरंटो वेस्टर्नमध्ये डॉ. ओरिओपूलॉस यांनी १९७७ मध्ये प्लास्टिकच्या पिशव्या वापरून पोटातलं डायलिसिस घरच्या घरी करण्याची पद्धत सुटसुटीत केली. आज पुण्या-मुंबईतही कितीतरी लोक स्वतःच पिशवी लावतात आणि कामाला जातात.

आपल्या लोकांचा संबंध येतो तो बहुतेक या दुसऱ्या, सावकाशीच्या प्रकाराशी. कारणांत पहिला नंबर डायबेटिसचा, दुसरा ब्लडप्रेशरचा, आणि भारतीय वंशाच्या माणसाला डायबेटिस लवकर आणि तुलनेने कमी वजनातही गाठतो. त्यापाठोपाठ किडनीला आतून येणारी सूज, घराण्यात चालत आलेल्या पाण्याच्या गाठी, प्रोस्टेटमुळे किंवा खड्यामुळे तुंबलेली लघवी. यात वेदना नसते. निम्म्याहून जास्त काम थांबेपर्यंत माणसाला काही जाणवत नाही, आणि आपण मात्र कंबर दुखली की किडनीची काळजी करत बसतो! गुडघ्यासाठी रोज अ‍ॅडव्हिल नाहीतर अलीव्ह घेणारे आणि इंडियातून बॅगेत आणलेली भस्मं खाणारे आपल्या कार्यक्रमांत कमी नाहीत. काही भस्मांत शिसं आणि पारा सापडलेला आहे. रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन, एवढ्या दोन तपासण्या फॅमिली डॉक्टर सहज लिहून देतात.

रिपोर्ट वाचताना एक गोंधळ नेहमी होतो, तेवढा सांगून टाकतो. इंडियातलं क्रिएटिनिन १.२ असतं आणि इथल्या लॅबच्या कागदावर १०६ आलेलं बघून आई-बाबांच्या पोटात गोळा येतो. दोन्ही आकडे एकच आहेत, फक्त मापं वेगळी. इंडियातल्या आकड्याला साधारण ८८ ने गुणलं की इथला आकडा मिळतो. त्याच्याच शेजारी ईजीएफआर छापलेला असतो, म्हणजे किडनी मिनिटाला किती मिलिलिटर गाळते त्याचा अंदाज. तरुण निरोगी माणसात तो शंभरच्या आसपास असतो, वयाबरोबर थोडा उतरतो. तीन महिन्यांहून जास्त काळ साठच्या खाली राहिला तर जुनाट किडनीविकार धरतात, आणि पंधराच्या खाली गेला की डायलिसिस नाहीतर ट्रान्सप्लांट यांचा विचार सुरू होतो.

डॉ. मरेंनी आयुष्याच्या उत्तरार्धात आपल्या कामावर पुस्तकं लिहिली. तपासायला न थांबता पुढे धावणारा सर्जन त्यांतून स्पष्ट दिसतो. जानेवारी १९७६ मध्ये ते वारले. त्याच्या दोनच महिने आधी, आणीबाणीत तुरुंगात असताना तब्येत ढासळलेले जयप्रकाश नारायण सुटून मुंबईच्या जसलोक हॉस्पिटलमध्ये आले होते. त्यांच्या दोन्ही किडन्या कायमच्या गेल्याचं तिथं निदान झालं. आपल्यातल्या ज्येष्ठ मंडळींनी डायलिसिस हा शब्द पहिल्यांदा ऐकला तो बहुधा तेव्हाच, सकाळच्या पेपरात. जेपी त्या यंत्राच्या आधारावर जवळपास चार वर्षं जगले, आणि मधल्या काळात जनता पक्षाचं सरकार आलेलं आणि कोसळलेलंही त्यांनी पाहिलं. ८ ऑक्टोबर १९७९ रोजी पाटण्याला त्यांचं निधन झालं.